काढून ठेवलेल्या बांगड्या

आधीच सांगून टाकते... मी ह्यांची एकही गोष्ट ऐकलेली नव्हती. तुम्ही सगळे ग्रुपवर आठवणी लिहिताय. कुणी म्हणतं काकांच्या आवाजाशिवाय झोप लागत नाही, कुणी म्हणतं दुबईत एकटा होतो, काका होते म्हणून निभावलं. आणि मी त्यांची बायको, चाळीस वर्षं एका छताखाली काढलेली. मला विचारलंत की त्यांची कोणती भयकथा सगळ्यात चांगली, तर एक नाव सांगता यायचं नाही. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात, पण इथे कळसा माझ्या काखेत होता अन् पाणी सगळा गाव प्यायला.

दुसरं म्हणजे भूत, मुंजा, चकवा, असल्या कशावरही माझा विश्वास नव्हता. तीस वर्षं मुलींच्या सरकारी शाळेत फिजिक्स शिकवलं मी. एकदा एक मुलगी रडत आली, "मॅडम, हमारी छत पर रात को कोई चलता है." मी रविवारी तिच्या घरी जाऊन, छतावर चढून, टाकीचं सैल झाकण वाजवून दाखवलं. असा माझा स्वभाव. तेव्हा पुढे जे लिहितेय ते एखाद्या हळव्या बाईचं लिहिणं समजू नका. आणि मध्ये मध्ये हिंदी आली तर चालवून घ्या. ग्वाल्हेरची मराठी आहे ही, ह्यांचीही अशीच होती. तुम्ही पुण्याची मंडळी कॉमेंटमध्ये चिडवायचात ना, "काका, भीती लागत नाही, भीती वाटते!" हे मला वाचून दाखवायचे अन् हसायचे. म्हणायचे, "आमच्याकडे लागते बुवा. उन्हासारखी."

आम्ही थाटीपुरला राहतो. राहते, म्हणायला पाहिजे. पहिला मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि मागे एक कोठी. कोठीला खिडकी नाही, तिथे गाद्या, रजया अन् ट्रंका असायच्या. हे सिंचाई विभागातून ड्राफ्ट्समन म्हणून रिटायर झाले, आणि महिन्याभरात एक दिवस पोहे खाता खाता म्हणाले, "अगं, मी गोष्टी वाचून रेकॉर्ड करणार आहे. भयकथा."

"कुणासाठी?"

"जो ऐकेल त्याच्यासाठी."

"इथे कोण ऐकणार आहे मराठी? आपला स्वतःचा मुलगा बायकोशी हिंदीत बोलतो."

"इथलं कोण म्हणतंय? नेटवर टाकणार."

मी म्हटलं, टाका. घरात पायात पायात करण्यापेक्षा बरं.

लोकांना वाटायचं काका मध्यरात्री, दिवा मालवून, खिडकीशी बसून वाचतात. कसलं काय! हे बसायचे भर दुपारी तीन वाजता, कारण तेव्हा आमची गल्ली झोपते. भाजीवाला नाही, शाळेची व्हॅन नाही, कुणाच्या घरी मिक्सर नाही. कोठीत बनियनवर, डोक्यावरून रजई घेऊन. रजईनं आवाज घुमत नाही म्हणे. मे महिन्यात बाहेर भाजणारी लू चाललीय अन् कूलर बंद, कारण कूलर माइकमध्ये येतो. पंखा बंद. फ्रिजसुद्धा बंद, कारण तो मध्येच घुरघुरतो. साडेचारला बाहेर आले की बनियन पिळून घ्यावा. पण चेहरा असा, जसं काही गंगेत न्हाऊन आलेत.

फ्रिज बंद करणं अन् आठवणीनं परत चालू करणं माझ्याकडे. माझ्याकडे गप्प बसणंही होतं. आणि मग एक दिवस बांगड्यांचा विषय निघाला.

मी दोन्ही हातांत चार-चार काचेच्या बांगड्या घालायचे, जरा सैल. काम करताना त्या कोपराकडे सरकवायची मला सवय. त्या घसरून परत मनगटावर येतात, मग परत सरकवायच्या. दिवसभर चालायचं ते, मला स्वतःला ऐकूही यायचं नाही.

"अगं, तुझ्या बांगड्या येतात गं मागे," हे म्हणाले. "गोष्टीत अमावस्या चाललीय अन् मागे किणकिण."

"मग मी काय करू? हात कापून देऊ?"

"तेवढा वेळ काढून ठेव ना. दीड तासाचा प्रश्न."

काढून ठेवल्या. ओट्यावर एक जुना रुमाल अंथरायचा, त्यावर आठही बांगड्या ठेवायच्या, रुमालाची टोकं वर दुमडायची अन् स्टुलावर बसायचं. पेपर वाचला तर पान वाजतं. तांदूळ निवडले तर ताट वाजतं. म्हणून नुसतं बसायचं. त्या दिवसापासून ह्यांची तक्रार बंद झाली, परत कधी बांगड्यांचं नावही काढलं नाही. मी म्हटलं, सुटला प्रश्न. आठ वर्षं हे असं चाललं.

कधी कधी म्हणायचे, "ऐक ना एखादी. तुला आवडेल." मी म्हणायचे, "तुमचा आवाज दिवसभर ऐकते तेवढा पुरे आहे." खरं सांगू का, मला राग यायचा. जगाला ह्यांचा आवाज, अन् मला स्टूल. आणि भुताखेताच्या गोष्टी म्हणजे रिकामटेकडेपणा, हेही तोंडावर बोलून दाखवलेलं. एकदा नाही, पुष्कळदा.

आमच्या वरच्या मजल्यावर सुमनताई राहतात. मराठीच, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या. एकदा दुपारी विरजण मागायला खाली आल्या, तर मी अशी स्टुलावर, अन् रुमालात बांगड्या. त्यांनी डोळे मोठे केले. मी तोंडावर बोट ठेवून त्यांना जिन्यात घेऊन गेले.

"अगं, सवाष्ण बाई तू... अन् भुंड्या हातानं बसलीस?"

मी कारण सांगितलं.

"रोज? रोज काढतेस? अगं, बिचाऱ्याच्या आयुष्याचा तरी विचार कर!"

"ताई, काचेत सिलिका असते. सिलिकाचा अन् ह्यांच्या आयुष्याचा काही संबंध नाही."

"निदान मनगटाला दोरा तरी बांधत जा तेवढा वेळ."

"दोऱ्यात कापूस असतो," मी म्हटलं. उचलली जीभ अन् लावली टाळ्याला, असं माझं आयुष्यभर झालंय. संध्याकाळी ह्यांना सांगितलं तर खूप हसले. नंतर हसणं थांबवून जरा वेळ माझ्या हाताकडे बघत राहिले. मला वाटलं, नवीन गोष्ट सुचली असेल.

हे गेले ते गेल्या वर्षी जानेवारीत. आदल्या दुपारीच गोष्ट वाचून झाली होती. सकाळी चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "छातीत जड जड लागतंय." हॉस्पिटलमध्ये पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. घरी आणल्यावर बायका माझ्याभोवती गोळा झाल्या. त्यांच्या मनात काय आहे ते मला कळत होतं. कुणी हात लावायच्या आत मीच बांगड्या काढल्या, आधी उजव्या, मग डाव्या, अन् रुमालात ठेवून टोकं दुमडली. जरासुद्धा वेळ लागला नाही. हाताला सवय होती.

तेराव्याच्या दिवशी मी कोठीत ताटं काढत होते. बाहेर सुमनताईंचा आवाज आला, कुणाला तरी हळू आवाजात सांगत होत्या, "हिला काय, सवयच होती. आठ वर्षं रोज दुपारी हात भुंडे. मी सांगून थकले हो."

मला बाहेर येऊन बोलता आलं असतं. सिलिका, कापूस, सगळं तयार होतं तोंडात. मी आतच ताटं मोजत उभी राहिले. तेव्हापासून सुमनताईंशी माझं बोलणं बंद आहे. म्हणजे आमच्या गल्लीत मराठी बोलायचं जे एक माणूस उरलं होतं, तेही गेलं.

तुम्हाला कळणार नाही हे. तुम्ही महाराष्ट्रातली माणसं, तुमच्याकडे भाजीवालासुद्धा मराठीत भांडतो. इथे ह्यांच्या मागे माझं दिवसभराचं बोलणं म्हणजे कामवालीशी, "पोंछा ठीक से लगाना." मुलगा बंगळूरहून फोन करतो, चांगला आहे बिचारा, पण दोन वाक्यांनंतर तोही हिंदीत जातो, "मम्मी, दवाई टाइम से ले रही हो ना?" कधी कधी मी एकटीच मोठ्यानं म्हणायचे, "आता वरण टाकते हं." घरात आपला मराठी आवाज ऐकून बरं वाटायचं, मग लगेच वाईट वाटायचं.

आणि दुपारी तीन वाजले की मी उठून फ्रिज बंद करायचे. कशाला? सवय. कूलर बंद करून स्टुलावर बसायचे. दोनदा दूध नासलं. कामवाली म्हणाली, "अम्मा, फ्रिज फिर बंद पड़ा है, मिस्त्री को बुलाओ." तिला काय सांगणार की मिस्त्रीणच बिघडली आहे. त्या दीड तासात डोक्यात एकच प्रश्न. हे गेले ते माझ्यामुळे तर नाही ना? चार वाजेपर्यंत मी स्वतःला समजवायचे की मूर्खपणा आहे, अन् साडेचारला परत तिथेच यायचे. कुणाला विचारायची सोय नाही. विचारलं असतं तर लोक म्हणाले असते, जगाला शिकवणारी मास्तरीण, अन् आता बघा.

हे गेल्यावर सहा-सात महिन्यांनी रेवतीचा मेसेज आला. रेवती म्हणजे नागपूरची मुलगी, ह्यांच्या रेकॉर्डिंगची काटछाट तीच करायची. चुकलेली वाक्यं कापायची, मागे संगीत घालायचं, मग ते तुमच्यापर्यंत पोचायचं. आमची कधी भेट नाही. तिनं लिहिलं होतं, "काकू, मला काकांच्या आवाजाइतकीच तुमच्या बांगड्यांची आठवण येते."

मी फोन लावला. तापलेच होते.

"रेवती, तुझा काही तरी गोंधळ होतोय. मी रेकॉर्डिंगच्या वेळी बांगड्या घालत नव्हते."

"काय बोलता काकू! प्रत्येक फाइलमध्ये आहेत. सुरुवातीला मी काढून टाकायची. मग काका म्हणाले, राहू दे."

"प्रत्येक?"

"हो, प्रत्येक. एकदम जवळून नाही, बाजूच्या खोलीतून आल्यासारख्या. ऐकणारे तर विचारतात ना, की हा इफेक्ट कुठून घेता म्हणून. मी तर तुमच्याच समजत होती."

मी तिला झापलं. म्हटलं, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बिघाड आहे, जुनाच तुकडा परत परत चिकटत असेल. ती गरीब मुलगी "हो काकू, असेल काकू" करत राहिली. मग हळूच म्हणाली, "कच्च्या फाइली पाठवू का? काकांनी पाठवलेल्या, जशाच्या तशा."

आल्या. चार दिवस मी त्यांना हात लावला नाही. घाबरत होते, पण भुताला नाही, त्यांच्या आवाजाला. पाचव्या दिवशी तीन वाजता फ्रिज बंद केला, कोठीत जाऊन ट्रंकेवर बसले अन् कानात इअरफोन घातले.

हे आधी घसा साफ करतात. मग म्हणतात, "आज शुक्रवार. कूलर बंद. फ्रिज बंद. मास्तरीणबाई चिडीचूप." हे तुम्ही कधी ऐकलं नसेल, रेवती कापून टाकायची. रोज सुरुवातीला असं म्हणायचे म्हणे. भिंतीपलीकडे मी बसलेली असायचे अन् मला पत्ता नाही. रडू फुटलं. तेवढ्यानंच फुटलं, गोष्ट तर अजून सुरूही झाली नव्हती.

मग गोष्ट सुरू झाली. डाकबंगल्यातल्या एका खानसाम्याची गोष्ट होती. आणि चौथ्या-पाचव्या मिनिटाला मागे बांगड्या वाजल्या.

आता नीट ऐका, मी नीट सांगते. बांगड्या वाजणं सगळीकडे सारखंच, असं तुम्हाला वाटत असेल. नाही. आधी एक घसरता आवाज, चार बांगड्या कोपराकडे जातात तेव्हाचा. मग जरा थांबून खाली येतात तेव्हा तीन एकदम, अन् चौथी मागून एकटी. चौथी नेहमी मागून, कारण ती जरा घट्ट होती. ती माझीच सवय होती, माझाच हात. अन् त्या वेळी माझे हात मांडीवर होते, रिकामे. शपथेवर सांगते.

मी काय बसून राहणारी बाई आहे? सगळं तपासलं. सुमनताईंच्या हातात सोन्याच्या दोन, त्याही रुतलेल्या. कामवाली सकाळीच येऊन जाते. रुमालात ठेवलेल्या बांगड्या आपोआप वाजतील म्हणावं, तर तो सरकवल्याचा आवाज कुठून येणार? कोठीत पाणी किंवा गॅसचा पाइप जात नाही. ह्यांनी स्वतः वाजवल्या म्हणावं, तर दोन्ही हातांत कागद. पानं उलटल्याचा आवाज आहे, बांगड्यांच्या वेळीसुद्धा आहे. एक गोष्ट राहिली होती. मी रेवतीला म्हटलं, तीन वर्षांपूर्वी सुनेच्या बाळंतपणासाठी मी दोन महिने बंगळूरला होते, त्यातली एखादी फाइल शोध. मनात म्हटलं, त्यात काही सापडणार नाही. मी घरातच नव्हते, तर बांगड्या कुठून येतील? म्हणजे कारण घरातच कुठे तरी आहे, अन् ते मी शोधून काढीन.

फाइल आली. परत तीन वाजता, परत ट्रंकेवर बसून ऐकली.

"आज मंगळवार," हे म्हणाले. "कूलर बंद. फ्रिज बंद." मग थांबले. "घरात कोणी नाही."

वाचायला लागले. सात-आठ मिनिटं काही नाही. मला आत कुठे तरी हायसं वाटलं, अन् त्याच वेळी इतकं वाईट वाटलं की काय सांगू. आणि मग वाजल्या. घसरल्या, थांबल्या, तीन एकदम, चौथी मागून.

ह्यांचं वाचणं थांबलं. कागद खाली ठेवल्याचा आवाज आला. अन् हे हळू आवाजात म्हणाले, "आलीस?"

मग कुठलाच आवाज नाही. मग परत हेच, जरा हसून, "बस. बस तिथेच. दोन पानं राहिलीत."

आणि पुढे वाचायला लागले. तुम्ही ऐकलेली गोष्ट असणार ती, रेवतीनं मधलं बोलणं कापलं असेल. शेवटची दोन पानं ह्यांनी काय सुंदर वाचली आहेत! मला भयकथेतलं काही कळत नाही, पण माणूस कुणाला तरी वाचून दाखवतोय की हवेत बोलतोय, एवढं मला वर्गात तीस वर्षं उभं राहून कळतं. संपल्यावर म्हणाले, "संपली. जा, चहा टाक." जरा वेळानं रजई बाजूला केल्याचा आवाज आला, अन् म्हणाले, "मीच टाकतो."

तिथे फाइल संपते.

बंगळूरला असताना एकदा फोनवर मी विचारलं होतं, "एकटं लागतं का हो?" तर म्हणाले होते, "नाही गं. घर भरल्यासारखं आहे." मला तेव्हा काय राग आला होता! मी नाही तर घर भरलं? फोन ठेवून दिला होता मी. अन् तिकडे दुपारी, सुनेचं पथ्याचं करताना, माझ्या हातात आठही बांगड्या होत्या, सगळ्या माझ्याजवळ. मी त्या तिथे सरकवत होते अन् हे इथे ऐकत होते, असं म्हणू का? असं कसं म्हणू? आवाज सतराशे-अठराशे किलोमीटर जात नाही. मी शिकवलंय हे पोरींना.

रेवतीला परत फोन केला. या वेळी झापलं नाही. म्हटलं, "खरं सांग, ह्यांनी तुला काही सांगितलं होतं का?"

ती म्हणाली, "मी एकदा विचारलं होतं, काका, काकूंना सांगितलं का तुम्ही? तर म्हणाले, नाही. अन् तू पण सांगू नको. ती फिजिक्सची आहे, कारण शोधून काढेल, अन् मग ते बंद होईल."

फोन ठेवला. सुमनताईंचं बोलणं इतके महिने मला खात होतं ना, की बांगड्या काढून ठेवल्या, काही तरी अशुभ झालं? ते त्या क्षणी गळून पडलं. ह्यांच्या कानाला तर माझे हात एक दिवसही भुंडे नव्हते. पण त्याच्या जागी जे आलं ते जास्त जड आहे. ह्यांच्या घरात, ह्यांच्या भिंतीपलीकडे, आयुष्यातली एकच खरी नवलाची गोष्ट घडत होती. सगळ्या जगाला गोष्टी सांगणारा माणूस, अन् ती एक गोष्ट त्यांना घरात सांगता आली नाही. कारण घरात मी होते. मी हसले असते. टाकीचं झाकण दाखवलं असतं. माझं चुकलं ते हे, अन् ते बांगड्यांमुळे नाही, माझ्या जिभेमुळे.

मागच्या महिन्यात वर्षश्राद्ध झालं. मुलगा आला, चार दिवसांनी गेला. दुसऱ्या दिवशी मी पाटणकर बाजारात गेले अन् चुड्यांच्या दुकानात काचेच्या बांगड्या मागितल्या. दुकानदारीण माझ्या कपाळाकडे बघून म्हणाली, "बहू के लिए, अम्मा?" मी म्हटलं, "नहीं. मेरे हाथ का नाप लो." तिनं एकदा बघितलं, पण मुकाट्यानं घातल्या. चार-चार, जरा सैल. येताना जिन्यात सुमनताई भेटल्या. त्यांनी हातांकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. त्या बाजूला झाल्या अन् मी वर आले.

मग मी जे केलं ते सांगते, हसायचं असेल तर हसा. ह्यांचा रेकॉर्डर काढला. तीन वाजता फ्रिज बंद केला, कूलर अन् पंखा थंडीमुळे बंदच होते. बांगड्या काढून रुमालात ठेवल्या. कोठीत रजई घेऊन बसले अन् रेकॉर्डर चालू केला. म्हटलं, "आज बुधवार. कूलर बंद. फ्रिज बंद." पुढे काय म्हणायचं सुचेना. मग ह्यांच्या कागदांतली एक गोष्ट वाचली. पहिल्यांदाच वाचली, अडखळत, मास्तरणीसारखी. दर दोन मिनिटांनी थांबायचे. मनात म्हणायचे, एकदा खोका. एकदा घसा साफ करा. मी कारण शोधणार नाही, देवाशप्पथ शोधणार नाही.

रेवतीला पाठवली. तिनं मोठ्या स्पीकरवर, हेडफोनवर, सगळ्या तऱ्हेनं ऐकली. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. आवाज रडवेला होता. म्हणाली, "काकू, काहीच नाही हो. तुमचा आवाज, अन् मागे एकदम कोरं." नंतर तीन वेळा अजून केलं. तीनही कोऱ्या.

म्हणजे त्यांना मी ऐकू यायचे, घरात असताना अन् नसतानाही. अन् मला ते येत नाहीत. असं का, ते मला माहीत नाही. माझ्याजवळ फिजिक्स आहे, ते इथे कामाला येत नाही. तुमच्याजवळ आठ वर्षांच्या भयकथा आहेत, त्यांत कुठे उत्तर असेल तर सांगा. मी रोज एक ऐकतेय आता, क्रमानं, बांगड्या घालून. एकविसाव्यापर्यंत पोचलेय. माणूस काय वाचायचा हो! तुम्ही आधी का नाही सांगितलं?

उत्तर नसेल तरी चालेल. माझा नंबर रेवतीकडे आहे. दुपारी तीन ते साडेचार मी मोकळी असते. कुणी तरी फोन करा, अन् मराठीत बोला.